मातीच्या ट्रॅकवर स्प्रिंट कारचे फोटो: सेटिंगच्या आधी माती बघा

मला आलेला प्रश्न, विचारणाऱ्याच्याच बाजूने, थोडक्यात असा. राहायला अमेरिकेतल्या आयोवात, डे मॉइनला. तिथून तासाभराच्या आत असलेल्या नॉक्सव्हिल रेसवेवर गेल्या उन्हाळ्यात स्प्रिंट कारच्या, म्हणजे मातीच्या गोल ट्रॅकवर धावणाऱ्या, डोक्यावर पंख असलेल्या छोट्या रेसिंग गाड्यांच्या शर्यती पाहिल्या. हातात फुल फ्रेम कॅमेरा आणि ७०-२०० एफ/२.८ लेन्स. शटर १/२००० सेकंदावर ठेवला. फोटो अगदी स्वच्छ आले, पण गाड्या पार्किंगमध्ये लावून ठेवल्यासारख्या दिसतात, आणि अंधार पडल्यानंतरचे फोटो नुसते दाणेदार. येत्या ऑगस्टमध्ये तिथल्याच नॉक्सव्हिल नॅशनल्स या मोठ्या स्पर्धेला जायचं आहे. तर कोणतं सेटिंग ठेवावं, १५०-६०० लेन्स घ्यावी का, आणि इनफिल्डमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या आतल्या मोकळ्या जागेत, उभं राहता येतं का?

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. माझा उन्हाळा शुक्रवारी विल्यम्स ग्रोव्ह आणि शनिवारी लिंकन किंवा पोर्ट रॉयल, या इथल्या मातीच्या ट्रॅकवरच जातो. त्यामुळे पुढचं सगळं या गाड्यांना आणि या मातीला धरून आहे.

लेन्सचं आधी उरकतो: घेऊ नका. १५०-६०० लांबच्या टोकाला एफ/६.३ होते, म्हणजे तुमच्या २.८ च्या तुलनेत जेमतेम एक पंचमांश प्रकाश आत येतो. या शर्यतींतला बहुतेक महत्त्वाचा भाग दिव्यांखाली होतो. नॉक्सव्हिलचा ट्रॅक अर्ध्या मैलाचा आहे, ७०-२०० ला तो पुरतो. पैसे खर्च करायचेच असतील तर चांगल्या जागेच्या तिकिटावर करा.

आता मुख्य मुद्दा. गाडी उभी वाटते त्याला शटर स्पीड जबाबदार आहे हे खरं, पण अर्धंच. दुसरं अर्धं कारण म्हणजे फोटो बहुधा सरळ पट्ट्यावर, ग्रँडस्टँडच्या मधोमध बसून काढलेले आहेत. तिथे गाडी नाकासमोर चाललेली असते. डांबरी ट्रॅकवर ते चालून जातं. मातीवर मात्र गाडीचं नाक एकीकडे आणि जाण्याची दिशा दुसरीकडे, या दोहोंमधल्या कोनातच फोटो असतो. तो कोन कुठे तयार होतो, हे त्या रात्री, त्या तासाला माती कशी आहे त्यावर ठरतं. म्हणून कॅमेऱ्याला हात लावण्याआधी दहा मिनिटं नुसता ट्रॅक बघा.

गाडी समजून घेतली की हे सोपं जातं. ४१० क्युबिक इंचांचं, मिथेनॉलवर चालणारं, सुमारे ९०० अश्वशक्तीचं इंजिन आणि ड्रायव्हर धरून साडेसहाशे किलोंच्या आसपास वजन. डोक्यावर पाच फूट बाय पाच फुटांचा पंख, नाकावर एक छोटा पंख. गाडीला ना स्टार्टर असतो ना नेहमीचा गिअरबॉक्स, मागून ट्रकने ढकलून ती चालू करतात. वळायचं फक्त डावीकडे. उजवं मागचं टायर डाव्यापेक्षा मोठं असतं, त्यामुळे गाडी मुळातच डावीकडे ओढ घेते. वळणात शिरताना ड्रायव्हर ती आडवी टाकतो: नाक आत, शेपूट बाहेर, पुढची चाकं उलट उजवीकडे वळलेली. वळणातून बाहेर पडताना ताकद लागली की पुढचं डावं चाक जमीन सोडतं. हे दोन क्षण सोडून स्प्रिंट कारचे फोटो काढण्यात फारसा अर्थ नाही असं माझं ठाम मत आहे.

आता माती. संध्याकाळी ट्रॅकवर पाणी मारलेलं असतं आणि गाड्या, ट्रक हळूहळू फिरवून ती ओली माती दाबतात. सरावाच्या फेऱ्या आणि पहिल्या हीट (मुख्य शर्यतीआधीच्या छोट्या शर्यती) होतात तेव्हा मातीला चिकटपणा असतो. टायरना पकड मिळते, वेग सगळ्यात जास्त असतो, पुढची चाकं उचलली जातात आणि मागच्या चाकांमागून मातीची ढेकळं उडतात. चाक उचललेला फोटो हवा असेल तर तो याच वेळी मिळतो, आणि त्या वेळी प्रकाशही तिरपा, सोनेरी असतो. नंतर माती वाळते. आतल्या बाजूला ती घासून गुळगुळीत होते, दिव्यांखाली काळी चमकायला लागते. तिथे पकड राहिली नाही की ड्रायव्हर वर, बाहेरच्या कडेला जातात, कारण उडालेली सैल माती तिथे साचून तिचा बांध तयार झालेला असतो. तिथले लोक त्याला कुशन म्हणतात. उजवं मागचं चाक त्या बांधाला टेकवून पूर्ण थ्रॉटल द्यायचं, हे या खेळातलं सगळ्यात देखणं आणि धोक्याचं काम. ओहायोतल्या एल्डोरा ट्रॅकला हा बांध भिंतीला अगदी चिकटून असतो, त्यामुळे तिथे पंखाची कड आणि काँक्रीट यांच्यात वीतभर अंतर राहिलेले फोटो मिळतात. काइल लार्सन, ज्याने २०२१ मध्ये नॅसकार कप (अमेरिकेतली बड्या स्टॉक कार शर्यतींची मालिका) आणि नॉक्सव्हिल नॅशनल्स दोन्ही जिंकले, तो या कडेवरून गाडी चालवण्यासाठीच ओळखला जातो. तो वर गेला की कॅमेरा आपोआप त्याच्याकडे वळतो.

म्हणून हीट चालू असताना दर शर्यतीत बघायचं: गाड्या आतून जातायत की बाहेरून? रेषा सरकली की तुमची जागा, झूम आणि पार्श्वभूमी तिन्ही बदलतात. एकाच खुर्चीवर, एकाच झूमवर रात्र काढणाऱ्याचे फोटो पहिल्या तासानंतर सारखेच येतात.

कुठे बसायचं? गाड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे मुख्य स्टँडमधून बघताना त्या डावीकडून उजवीकडे जातात, चौथं वळण डाव्या हाताला आणि पहिलं उजव्या हाताला येतं. स्टँडचं डावं टोक धरा. चौथ्या वळणातून सुटलेल्या गाड्या तुमच्या दिशेने येतात, पुढचं डावं चाक हवेत असतं, मागे मातीचा फवारा. पण एक अडचण आहे. बाहेरच्या बाजूने तुम्हाला गाडीचा उजवा अंग दिसतो, आणि फार वर बसलात तर पंखाने ड्रायव्हर पूर्ण झाकला जातो. फार खाली बसलात तर जाळी आड येते. जाळीच्या वर नजर जाईल इतपत उंच, आणि पंखाखालून हेल्मेट दिसेल इतपत खाली, अशी दोन-तीनच ओळींची पट्टी असते. सराव चालू असताना फिरून ती शोधा. जाळी टळत नसेल तर परवानगी आहे तिथे लेन्स शक्य तितकी जवळ न्या आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा. तारा बऱ्याचशा विरघळतात, मात्र कॉन्ट्रास्ट थोडा जातो.

इनफिल्डमधून चित्र उलटं. गाडीचं नाक आत वळलेलं असल्यामुळे आत उभ्या असलेल्या माणसाला तिचा चेहरा मिळतो: पुढचा पंख, उलट वळलेली चाकं, हेल्मेट, कधी कधी ड्रायव्हरचे डोळेसुद्धा. बाहेरून मिळतो तो फवारा आणि मागचं मोठं चाक. दोन्ही चांगलं, पण एकाच ठिकाणाहून दोन्ही मिळत नाही, हे डोक्यात असलं की निराशा होत नाही.

आता शटर. अर्ध्या मैलाची फेरी साधारण सोळा सेकंदांत पुरी होते असं धरा. म्हणजे सरासरी सेकंदाला पन्नास मीटर, ताशी १८० किलोमीटर. अडीच मीटर परिघाचं चाक त्या वेगाला सेकंदाला वीस फेऱ्या मारतं. १/२००० मध्ये ते जेमतेम साडेतीन अंश फिरतं. तुमचे फोटो मोठे करून बघा: टायरच्या बाजूवर हूझियर हे टायर कंपनीचं नाव स्वच्छ वाचता येईल. डोळ्याला ते वाचता येणं म्हणजेच गाडी उभी आहे. १/२५० ला तेच चाक तीस अंशांच्या आसपास फिरतं, अक्षरांची वर्तुळाकार रेघ होते आणि चाक फिरताना दिसतं. १/१२५ ला साठच्या जवळ, तिथे तर पूर्ण रिंग वितळते.

मग सगळं १/१२५ वरच का काढू नये? कारण त्या वेळात गाडी चाळीस सेंटिमीटर पुढे गेलेली असते आणि तेवढं अंतर तुमच्या कमरेने भरून काढायचं असतं. पॅनिंग, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढणं, हे हाताचं नाही, कमरेचं काम आहे. गाडी जिथे टिपायची त्या दिशेला पाय रोवून उभं राहा, मग कंबर मागे वळवून येणाऱ्या गाडीला पकडा. त्यामुळे फोटोच्या क्षणी अंग सरळ आणि मोकळं असतं. कोपर छातीशी. शटर दाबून झाल्यावर लगेच थांबू नका, गाडीबरोबर फिरत राहा. थांबायचं मनात आलं की शेवटच्या फ्रेमला झटका बसतोच. लेन्सच्या स्टॅबिलायझेशनला पॅनिंगसाठी वेगळा मोड असेल तर तोच ठेवा, नाहीतर ती तुमच्या आडव्या हालचालीशीच भांडत बसते.

इथे मातीची एक खास गोम आहे. डांबरी ट्रॅकवर गाडी तुमच्यासमोरून सरळ जाते, पॅन जमलं की अख्खी गाडी शार्प. मातीवर वळणात शिरताना गाडी स्वतःभोवतीही फिरत असते. नाक एका वेगाने, शेपूट दुसऱ्या वेगाने. त्यामुळे वळणाच्या तोंडाशी १/६० ला काढलेल्या फोटोत सगळी गाडी शार्प येणं जवळजवळ अशक्य. तिथे १/५०० च्या खाली जाऊ नका. गाडी एकदा कोन धरून स्थिर झाली, म्हणजे वळणाच्या मध्यावर, की १/१६० किंवा १/१२५ चालतं. आणि त्यातही जर तुम्ही आत, वळणाच्या कंसाच्या केंद्राजवळ असाल तर गाडी तुमच्यापासून सारख्याच अंतरावर, सारखीच बाजू दाखवत फिरते. अंतर बदलत नाही, फोकस हलत नाही, नाक आणि शेपूट दोन्ही जागेवर. इनफिल्डवाल्यांचे १/६० चे फोटो इतके नितळ का येतात याचं उत्तर त्यांच्या मनगटात कमी आणि या भूमितीत जास्त आहे. स्टँडमधून तोच हट्ट धरू नका. १/३२० ने सुरुवात करा, जमेल तसं १/२०० पर्यंत उतरा. समोरून येणाऱ्या गाडीला मात्र १/८०० ते १/१००० द्या. तिथे चाकं तशीही अर्धीच दिसतात, गती दाखवायचं काम उडालेली माती करते.

सराव रस्त्यावर होतो. साठ मीटरवरून सेकंदाला पन्नास मीटर जाणारी गाडी आणि सतरा मीटरवरून ताशी पन्नास किलोमीटरने जाणारी साधी कार, दोन्हींसाठी कंबर सारख्याच वेगाने फिरवावी लागते. घराजवळचा फुटपाथ पुरतो. (पुण्याकडच्या मित्रांना मी बैलगाड्याचा घाट सुचवतो. शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून खेड-मंचरच्या बाजूला संधी भरपूर आहे. फक्त तिथे बैलांच्या पाठी खालीवर होतात, त्यामुळे १/६० ला पाय आणि धूळ सुंदर येते पण डोकं शार्प मिळायला नशीब लागतं.)

फोकस कंटिन्युअस मोडवर आणि बिंदू हेल्मेटवर. पंखाच्या बाजूच्या पाट्यांवर जाहिराती आणि भला मोठा नंबर असतो. कॅमेऱ्याला असली ठळक अक्षरं फार आवडतात, तो तिकडेच पळतो. पंख शार्प आणि ड्रायव्हर किंचित मऊ असा फोटो लहान पडद्यावर खपतो, प्रिंट काढली की उघडा पडतो. नव्या कॅमेरा बॉडींमध्ये वाहन ओळखून हेल्मेट पकडणारी सोय असते. ती चालू करा, पण पंखाखालच्या सावलीत ती चुकते का हे सरावातच तपासा. एक्सपोजर मॅन्युअल. आयोवाची माती गडद आणि पंख बहुधा पांढरा. मीटर मातीला बघून फोटो उजळ करतो आणि पांढऱ्या पंखावरचं सगळं पुसून जातं. पंखाचा पांढरा सांभाळा, मातीचं नंतर बघता येतं.

रात्रीच्या दाण्यांबद्दल: १/२००० ठेवलात म्हणून आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, आभाळाला भिडला. एफ/२.८, १/५००, आयएसओ ६४०० ते १२८०० यात बहुतेक ट्रॅकवर काम होतं. पॅन करत १/२५० वर आलात तर आयएसओ आणखी निम्मा. दाणे दिसले तरी घाबरू नका, कमी एक्सपोज करून नंतर उजळलेला फोटो त्याहून वाईट दिसतो. दुसरा त्रास दिव्यांच्या लुकलुकण्याचा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे जुने दिवे सेकंदाला १२० वेळा उजळतात आणि मंदावतात. एका फ्रेममध्ये पंख पांढरा, पुढच्यात पिवळट तपकिरी, असं झालं तर कॅमेरा बिघडलेला नाही. कॅमेऱ्यातली अँटी-फ्लिकर सोय चालू करा. त्याने बर्स्टचा वेग थोडा कमी होतो, पण फ्रेम एकसारख्या येतात. आणि इलेक्ट्रॉनिक शटर बंद, मेकॅनिकल चालू. बहुतेक बॉडींचं इलेक्ट्रॉनिक शटर फ्रेम वरून खाली टप्प्याटप्प्याने वाचतं, त्यात गोल चाक लंबगोल होतं आणि मागचे खांब तिरके पडतात.

फ्लॅशबद्दल विचारलेलं नाही, पण रात्री इनफिल्डमधले लोक तो वापरताना दिसतील म्हणून सांगतो. कित्येक मातीच्या ट्रॅकवर त्याला परवानगी असते, काही ठिकाणी सक्त मनाई. स्टँडमधून त्याचा उपयोग शून्य, साठ मीटर अंतरापर्यंत तो पोचतच नाही. आतून वापरायचा झाला तर कॅमेऱ्यावर लावू नका. लेन्सजवळच्या फ्लॅशने समोरचा धुळीचा कण न् कण पेटतो आणि फोटोभर पांढरे ठिपके येतात. तो हातभर बाजूला, खाली धरला की धूळ अंधारात राहते आणि गाडी उजळते.

इनफिल्डचा प्रश्न. नॅशनल्सला पहिल्याच वेळी तिथे उभं राहायला मिळेल अशी आशा धरू नका. मोठ्या शर्यतीत आतल्या जागा मोजक्या असतात आणि त्या काम करणाऱ्या, ओळखीच्या लोकांना जातात. नॉक्सव्हिलला हंगामात शनिवारी साप्ताहिक शर्यती होतात, त्यांच्या माध्यम विभागाला आधी फोटो दाखवून विचारा. दरम्यान, पिटचा, म्हणजे गाड्या दुरुस्त आणि तयार करतात त्या जागेचा, पास बहुतेक ट्रॅकवर कोणालाही विकत मिळतो, आणि पिटमध्ये जे मिळतं ते मला कधी कधी शर्यतीपेक्षा जास्त आवडतं. हीट संपून गाडी परत आली की दोघं-तिघं पत्र्यांवर आणि पंखाच्या खालच्या अंगावर साचलेली माती पट्टीने खरवडून काढतात, कारण तेवढ्या मातीचंही वजन गाडीला जड जातं. ड्रायव्हर हेल्मेटवरची चिखलाने भरलेली पातळ फिल्म सोलून टाकतो, खाली तशीच दुसरी स्वच्छ फिल्म असते. कोणी टायरमध्ये नव्याने खाचा पाडत बसलेलं असतं. इथे ३५ मिमी लेन्स, १/१२५, आणि आधी नजरेने परवानगी. गाडीखाली माणूस झोपलेला असताना मध्ये पाय घालू नका.

आत जायला मिळालंच तर काही गोष्टींत तडजोड नाही. ट्रॅककडे पाठ करायची नाही, गाड्या थांबलेल्या असल्या तरी. व्ह्यूफाइंडरला एक डोळा, दुसरा उघडा. या गाड्यांची चाकं निखळून उडतात आणि उडालेलं चाक कुठे जाईल ते त्यालाही माहीत नसतं, म्हणून गाड्या वळणातून बाहेर सुटतात त्या रेषेत कधीच उभं राहायचं नाही. ढकलणारे ट्रक इनफिल्डमधून झपाट्याने येतात, इंजिनांच्या गोंगाटात त्यांचा आवाज येत नाही. अपघात झालेल्या गाडीजवळ फोटोसाठी धावू नका. मिथेनॉलची ज्वाळा दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. कानात बोळे, डोळ्यांवर चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. पहिल्या हीटमधली ओली ढेकळं दगडासारखी लागतात.

सामानाची काळजी सोपी आहे. लेन्सवर संरक्षक फिल्टर. ट्रॅकवर लेन्स बदलायची नाही, बदलावीच लागली तर गाडीत बसून, काचा लावून. वारा तुमच्या पाठीकडून येईल अशी बाजू धरा, धूळ तुमच्याकडे न येता पलीकडे जाते. कॅमेऱ्यावर ओली माती उडाली तर पुसायला जाऊ नका, ती चोळली की काचेवर ओरखडे पडतात. वाळू द्या, मग ब्लोअर, मग मऊ ब्रश. आणि घरी आल्यावर एडिटिंगमध्ये धुकं काढायचा स्लायडर ओढून धूळ साफ करू नका. सूर्य मावळताना त्याच्याच दिशेने काढलेल्या फोटोत धुळीला जी सोनेरी कड येते, तिच्यासाठी लोक शंभर-शंभर मैल गाडी हाकत येतात.

शेवटी तिकिटाचं, कारण तुम्ही बहुधा शनिवारच्या अंतिम शर्यतीचंच काढणार आहात. नॅशनल्स बुधवार ते शनिवार चार रात्री चालतात. फोटोंसाठी बुधवार किंवा गुरुवार घ्या. त्या रात्री गाड्या दोन गटांत विभागलेल्या असतात, एकामागून एक हीट होतात, ताज्या मातीवर आणि उजेडात काम करायला कितीतरी जास्त वेळ मिळतो, आणि स्टँडच्या डाव्या टोकाला जागा मिळण्याची शक्यताही जास्त. शनिवारी गेलात तर मोठी शर्यत सुरू व्हायच्या वेळेला माती काळी, गर्दी खचाखच आणि जागा बदलता येत नाही. त्या दिवशी कॅमेरा पिशवीत ठेवून नुसती शर्यत बघितलीत तरी हरकत नाही.